लुशामावशीची न पुसलेली फरशी

लुशामावशीला पुरलं त्या दिवशी आमच्या संस्थेतून माझ्याशिवाय कुणी आलं नाही. फरशी पुसणाऱ्या बाईच्या शवपेटीपुढे भाषण कोण करणार? खड्ड्याशी आम्ही तिघीचौघी होतो, त्यातल्या दोघी तिच्या शेजारणी, आणि त्याही घाईत. तेव्हापासून मी मनात धरून आहे की हिच्याबद्दल कधीतरी कुणाला तरी समोर बसवून सांगायचं. आता मीच ऐंशीला टेकलेय, तेव्हा आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी रिम्मा, कुत्र्यांची स्वयंपाकीण. हसू नका. मॉस्कोतल्या त्या संस्थेत माणसांसाठी कँटीन होतं आणि कुत्र्यांसाठी मी होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या पातेल्यातलं मांस कँटीनपेक्षा बरं असायचं. कँटीनचा आचारी त्यावरून मला जन्मभर पाण्यात पाहत आला. आम्ही तिथं नेमकं काय करतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते बाहेर कुणाला सांगणार नाही असं मात्र आमच्याकडून लिहून घेतलं होतं. तरी दिसायचं ते दिसायचंच. रस्त्यावरून कुत्री धरून आणायचे, लहान चणीची, सगळ्या माद्या. त्यांना अरुंद पेटीत बसायला शिकवायचे, अंगाला तारा लावायचे, आणि मग त्यातल्या दोन-दोन निवडून विमानानं दूर गवताळ मैदानाकडे घेऊन जायचे. तिथं त्यांना अग्निबाणात घालून वर सोडत. काही परत येत, काही येत नसत. जी परत येई तिला मी आठवडाभर वाडगाभर जास्त वाढायचे, आणि त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही.

मावशी या कुत्रेघराची फरशी पुसायची. नाव लुकेरिया सावेल्येव्ना, पण ते फक्त पगाराच्या दिवशी किंवा कुणी तापलं की ऐकू यायचं. ठेंगणी, रुंद, डोक्याला कायम रुमाल, आणि हात क्लोरीनच्या पाण्यानं सोललेले. रियाझानकडच्या खेड्यातून पोरवयात मोलकरीण म्हणून मॉस्कोत आली, नवरा लवकर गेला, एक मुलगा वाढवला, लढाईत इस्पितळाच्या फरश्या पुसल्या, लढाईनंतर आमच्या. जनरल येवो की खाटीक, सगळ्यांना "बाळा" म्हणायची. फक्त डॉक्टरांना, ग्लेब इग्नात्येविचना, "तुम्ही" म्हणायची, कारण ते तिला "मावशी, तुम्ही" म्हणायचे. वैद्यकीय मेजर होते ते. उंच, वाळके, कायम सर्दी झालेले. कुत्री त्यांच्या ताब्यात होती, आणि माझ्या मते तेच कुत्र्यांच्या ताब्यात होते.

आता फरशीचं सांगते. आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की सगळ्यांनी आधी क्षणभर गप्प बसायचं आणि मग उठायचं. आणि तो माणूस मुक्कामी पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही, फरशी पुसायची नाही. फरशी पुसतात ती मयत उचलल्यावर. जित्या माणसामागे पुसली तर त्याची परतायची वाटच पुसली गेली. मी पक्षाच्या युवक संघटनेत होते, देवाला मी तेव्हाही मानत नव्हते आणि आताही मानत नाही, पण माझी बहीण गाडीत बसली की मीसुद्धा झाडूला हात लावत नाही. कुणाच्या बापाचं काय जातंय?

तर पहिल्यांदा कुत्री वर जायला निघाली तेव्हा मावशीनं त्यांच्या पिंजऱ्याची आणि पिंजऱ्यापुढची फरशी तशीच न पुसता ठेवली. बाकीचं सगळं घासूनपुसून लख्ख, आणि मध्ये तेवढाच चौकोन पायांच्या ठशांचा, केसांचा. कुत्रेघराचा व्यवस्थापक पोर्फिरी झखारोविच. लढाईत सार्जंट होता आणि अजून शांतता झालीय हे त्याला पटलं नव्हतं. तो तापला.

"लुकेरिया सावेल्येव्ना, ही विज्ञानाची संस्था आहे. तुमचं खेडं नाही."

"मग खेड्यातल्यासारखा ओरडू नकोस, बाळा," मावशी म्हणाली. "त्या पोचल्या की पुसते."

त्यानं ग्लेब इग्नात्येविचकडे तक्रार नेली. ते नाक पुसत म्हणाले, "राहू द्या हो. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि परतल्यावर ते विमानतळावरून थेट कुत्रेघरात आले, बुटांवर अजून तिकडची पिवळी धूळ, आणि म्हणाले, "मावशी, पुसा." बस, एवढंच. ती उठली, गरम पाण्याची बादली भरली आणि कोपरा न् कोपरा घासून काढला.

तेव्हापासून तो पायंडाच पडला. रेडिओवर बातमी यायला वेळ लागायचा, बऱ्याचदा यायचीच नाही, आणि साहेबलोक तर मूग गिळून बसलेले. मग प्रयोगशाळेतल्या पोरी, ड्रायव्हर, शिंपीणबाई, सगळे येताजाता कुत्रेघरात डोकावायचे आणि मला विचारायचे, "फरशी पुसली का गं?" पुसली असली की त्यांची तोंडं फुलायची. एखादी कुत्री परतली नाही तर ग्लेब इग्नात्येविच तेही स्वतः येऊन सांगायचे. मावशीजवळच्या स्टुलावर बसायचे, हळूच म्हणायचे, "नाही आली, मावशी." ती डोळ्याला रुमाल लावायची, मग बादली भरायची. त्याही वेळी पुसायची असतेच. फक्त गार पाण्यानं पुसायची आणि कुणाशी बोलायची नाही.

शिश्का आली ती बाजारामागच्या कचऱ्यातून. अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी, पाइनच्या बोंडासारखी गोल आणि खरखरीत, म्हणून शिश्का, म्हणजे बोंडच. दुसरी होती बुल्का, पावासारखी पांढरी आणि तितकीच अक्कल असलेली, जे कराल ते करून घ्यायची. शिश्काचं तसं नव्हतं. पेटीत बसवलं की कुत्रीनं दिवसचे दिवस तिथंच राहायचं, तिथंच खायचं, तिथंच सगळं उरकायचं. शिश्का रस्त्यावरची, पण अब्रू मोठी. पेटीत मुतायची नाही म्हणजे नाही. पोट तट्ट फुगायचं, ओरडून ओरडून घसा बसायचा, शेवटी ग्लेब इग्नात्येविचच हात टेकून तिला बाहेर काढायचे, आणि ही अंगणात धावत जाऊन पहिल्या झाडाशी. सगळे हसायचे.

"नापास होणार ही," मी मावशीला म्हटलं. नापास कुत्री आमच्यापैकीच कुणीतरी घरी न्यायचं. "तू ने. तुझ्या खोलीत सोबत होईल."

"नेईन की," मावशी म्हणाली. "पण बघ ना कशी बघते. सगळ्यांना जमतं, आपल्याला जमत नाही म्हणून खंतावलीय पोर. जरा शिकवते. मग बघू."

आणि ही बया कामावरून सुटली की पेटीजवळ स्टूल घेऊन बसायला लागली. एक हात जाळीतून आत, मांडीवर अर्धवट विणलेला जुन्या लोकरीचा मोजा. बोलत राहायची. काय बोलायची? काही नाही. गावाकडची गाय, शेजारणीनं चोरलेला साबण, बटाटे कसे सडके आले. शिश्का कान पाडून ऐकायची. थोड्याच दिवसांत ती ओरडायची थांबली. मग एके सकाळी मावशी माझ्या स्वयंपाकघरात आली, तोंडभर हसू.

"मुतली गं," म्हणाली. "पेटीतच. सगळ्यांसमोर. आणि वर माझ्याकडे बघितलंन, जमलं का म्हणून."

आम्ही त्यावर चहा प्यायलो. मी तिला साखरेचा जादा खडा दिला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि आता ते आठवलं की माझा जीव तुटतो.

त्या हिवाळ्यात शिश्का आणि बुल्काचं नाव पुढे आलं. यावेळचं जाणं नेहमीसारखं नव्हतं, नुसतं वर जाऊन खाली यायचं नव्हतं. पृथ्वीला प्रदक्षिणा घालायची आणि मग उतरायचं, असं पोरी कुजबुजायच्या. माणूस जायच्या आधीची रंगीत तालीम. वरून सक्त ताकीद होती की निकाल लागेपर्यंत आणि लागल्यावरही, कुणी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. ग्लेब इग्नात्येविच मावशीकडे आले आणि म्हणाले, "शिश्काची निवड झाली. तुमच्यामुळे झाली, मावशी. इतकी शांत आमच्याकडे दुसरी नाही."

तिला काय वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही. ती म्हणाली, "परत येईल ना?"

"यायची सगळी व्यवस्था केलीय," ते म्हणाले. आणि तेव्हा ते खरंच बोलत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

निघायच्या दिवशी बाहेर गाडी सुरू, ड्रायव्हर शिव्या घालतोय, आणि मावशी दारात आडवी. "आधी बसा सगळे." ग्लेब इग्नात्येविच टोपी काढून स्टुलावर बसले. पोर्फिरी झखारोविच पुटपुटत उपड्या बादलीवर बसला. मी पिठाच्या पोत्यावर. मावशी शिश्काला मांडीवर घेऊन जमिनीवर. बुल्काला कुणीतरी धरलं होतं. सगळे गप्प. मग मावशी म्हणाली, "चला, सुखरूप जा," आणि आम्ही उठलो. शिश्कानं गाडीत चढताना मागे वळून पाहिलं नाही. तिला वाटलं असणार की पेटीच तर आहे, ही आपल्याला येते.

मग वाट बघणं. रेडिओ दिवसभर चालू. गहू, पोलाद, नाच, पुन्हा पोलाद. कुत्र्यांचं नाव नाही. पहिले काही दिवस आम्ही म्हटलं, उशीर होतो कधीकधी. पोरी डोकवायच्या, न पुसलेला चौकोन बघायच्या आणि जायच्या. मग एके दुपारी मैदानावर गेलेली माणसं परतलेली दिसली. मी खिडकीतून बघितलं. पेट्या उतरवल्या, यंत्रं उतरवली. ग्लेब इग्नात्येविच उतरले आणि कुत्रेघराकडे न वळता मागच्या जिन्यानं वर गेले. 

मावशीनंही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ते खाली आले, तिला बघून थबकले.

"ग्लेब इग्नात्येविच, उतरल्या का?"

त्यांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे पाहिलं. "मला ठाऊक नाही, मावशी."

"कधी कळेल?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले आणि बाजूनं निघून गेले.

मला तेव्हाच कळलं. जगाचं नाही सांगत, पण माणसाला सर्दी आहे म्हणून डोळे लाल आहेत की दुसऱ्या कशानं, एवढं स्वयंपाकिणीला कळतं. मी मावशीला म्हटलं, "मावशी, पुसून टाक आता." माझ्या मते मी दयेनंच म्हटलं.

ती माझ्या अंगावर आली. "डॉक्टरांनी सांगितलं? नाही ना? आजवर त्यांनी एकदा तरी न सांगता सोडलंय? ठाऊक नाही म्हणाले म्हणजे ठाऊक नाही. म्हणजे त्या अजून वाटेत आहेत. मी जित्या जिवामागे फरशी पुसणार नाही, रिम्मा. एकदा पुसलीय."

आणि मग तिनं ते सांगितलं. इतकी वर्षं एकत्र काम केलं, तोवर कधी तोंडातून काढलं नव्हतं. मुलगा सेन्या. लढाई सुरू झाली त्या उन्हाळ्यात तो भरती झाला. ती तेव्हा कामगारांच्या वसतिगृहात सफाईला होती, तिथंच एका कोपऱ्यात दोघं राहायची. बरीच पोरं एकदम निघाली, बुटांनी सगळी फरशी चिखलाची करून गेली. वसतिगृहाची बाई डोक्यावर येऊन उभी, की आत्ताच्या आत्ता पूस, तपासणी आहे. मावशीला नोकरी जायची भीती. पोरांना नेणारा ट्रक अजून गल्लीच्या तोंडाशी होता, त्याचा आवाज येत होता, आणि ही फरशी पुसत होती. शरद ऋतूत कागद आला, बेपत्ता. मेला नाही, जखमी नाही, बेपत्ता. लोक कचेऱ्यांतून खेटे घालत, अर्ज करत, कुणाकुणाला कळलंही. मावशी कुठंच गेली नाही.

"विचारायचं काय?" ती मला म्हणाली. "मला ठाऊक आहे ना काय झालं ते. मीच पुसला त्याला."

मी तिला म्हटलं की असलं काही नसतं, लढाई होती, लाखो गेली. ती ऐकत होती, पण मला कळत होतं की भिंतीला सांगतेय. मी भाकरीचा तुकडा पुढे केला, तो तिनं घेतला आणि खिशात ठेवून दिला.

दिवस गेले. शिश्काच्या पिंजऱ्यापुढचा चौकोन तसाच. त्याला आता वासही यायला लागला होता, शेजारची कुत्री अस्वस्थ व्हायची. पोर्फिरी झखारोविचचा रोज तिळपापड. एकदा त्यानं दुसऱ्या सफाईवालीला पाठवलं, तर मावशी त्या चौकोनावर चक्क फतकल मारून बसली. ती दुसरीही खेड्यातलीच. काय ते समजली, बादली घेऊन परत गेली, आणि त्याला म्हणाली, "मी नाही. माझा भाऊ प्रवासात आहे."

मग कळलं की आरोग्य खात्याची तपासणी येणार. वरचे दोन अधिकारी, पांढरे हातमोजे घालून. पोर्फिरी झखारोविचची झोप उडाली असणार. त्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. लढाईत एक पाय थोडा आखडलेला, घरी आजारी बायको, आणि साहेबांच्या बोलण्याची कायम धास्ती. तपासणीच्या सकाळी तो कुत्रेघरात आला. मी तिथंच वाडगी वाटत होते.

"मावशी," तो म्हणाला, अगदी गोड आवाजात, "ग्लेब इग्नात्येविचचा निरोप आहे. पुसा म्हणाले."

मावशी उभीच राहिली. "काय म्हणालास?"

"पुसा म्हणाले."

 तिनं त्याच्या दोन्ही गालांना हात लावले, त्या सोललेल्या हातांनी, आणि कपाळाचा मुका घेतला. त्याचे कान लाल झाले ते मी पाहिलं. मला वाटलं, लाजला. आणि मला तरी संशय का यावा? मलाही तेच हवं होतं. ग्लेब इग्नात्येविचच्या डोळ्यांत मी जे ओळखलं होतं ते खोटं ठरलं तर मला आनंदच होता.

तिनं पाणी उकळतं घेतलं. गुडघ्यावर बसून पुसलं, ब्रशनं घासलं, पुन्हा पुसलं, आणि गुणगुणत होती, सुरात नाही पण गुणगुणत होती. पिंजऱ्यात नवं गवत घातलं. रुमाल बदलला. मग माझ्याकडे आली. "रिम्मा, कलेजी टाक. दोन वाडगी. शिश्काला कांदा नको."

"ती काय आत्ताच येतेय?" मी म्हटलं.

"आली की भूक लागलेली असेल."

तेवढ्यात एक पोरगी डोकावली. ओली फरशी बघितली. "पुसली?" "पुसली." झालं. ती धावत जिना चढली. थोड्या वेळात कुत्रेघरात माणसं मावेनात. शिंपीणबाई रडतेय, ड्रायव्हर पोर्फिरी झखारोविचच्या पाठीवर थापा मारतोय, तो भिंतीला चिकटून उभा. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा हसत का नाही?

बातमी जिन्यानं वर गेली आणि जिन्यावरून ग्लेब इग्नात्येविच खाली आले. कोटाची बटणं उघडी. गर्दी बाजूला झाली. त्यांनी फरशी बघितली, गवत बघितलं, माझ्या हातातली वाडगी बघितली. वाफ येत होती.

"हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच ना," मावशी म्हणाली. "निरोप पाठवलात पोर्फिरीकडे."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पोर्फिरी झखारोविच सैनिकासारखा ताठ झाला, मग एकदम खांदे पडले. "तपासणी होती, ग्लेब इग्नात्येविच. मी म्हटलं, एक फरशी तर आहे."

 पोरी हळूहळू निघून गेल्या. ग्लेब इग्नात्येविचनी पोर्फिरीला दार दाखवलं, आणि दार लावून घेतलं. मला बाहेर जा म्हणायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी वाडगी घेऊन तशीच उभी.

मावशीला राग आला नव्हता. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि ओल्या फरशीवर दोन्ही पंजे टेकले. "गरम पाण्यानं पुसली," ती म्हणाली. "कोपरा न् कोपरा. त्या अजून वाटेत आणि मी पुसली. पुन्हा. मीच तिला बसायला शिकवलं आणि मीच पुसली."

ग्लेब इग्नात्येविच तिच्यासमोर खाली बसले. मेजर माणूस, ओल्या फरशीवर. दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून बोलले.

"मावशी, ऐका. तुमच्या फडक्यानं काही झालेलं नाही. त्या दोघी पृथ्वीभोवती फिरल्या. दिवसभर फिरल्या. उतरताना यान जळालं. आम्ही मैदानावरून परतलो त्याच्या आधीच हे झालं होतं. तुम्ही पुसलंत ते आज. तुमचा काही संबंध नाही. कळतंय का?"

 "शिश्का ओरडली का?"

"नाही. तिच्या छातीचे ठोके आमच्यापर्यंत येत होते. शांत होती. तुम्ही शिकवलं होतंत तशीच बसली होती."

"तशीच," मावशी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्हणजे मी जिन्याशी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि तुम्ही ठाऊक नाही म्हणालात."

"मला बोलायची परवानगी नव्हती, मावशी. आजही नाही. आज बोललो हे कुणाला कळलं तर माझं काही खरं नाही."

मावशीनं मान हलवली. रागानं नाही, समजून घेतल्यासारखी. तिनं कोपरानं नाक पुसलं. तिच्या तोंडावर काहीतरी येत होतं जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते दुःखही नव्हतं, म्हणून मी जास्त घाबरले.

"मग सेन्याचंही असंच असेल," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"माझ्या मुलाचं. मला वाटायचं मीच पुसला त्याला. पण पुसण्यानं काही होत नाही म्हणता तुम्ही. मग कुणालातरी ठाऊक असणार. तुमच्यासारखाच भला माणूस असेल, परवानगी नसेल, म्हणून बेपत्ता लिहिलं." ती पुढे सरकली, त्यांच्या कोटाची बाही धरली. "तुम्ही अधिकारी आहात. तेही सांगून टाका आता. मी कुणाला बोलणार नाही. रिम्माही बोलणार नाही. कुठं आहे माझा सेन्या?"

ग्लेब इग्नात्येविचचा चेहरा पांढरा पडला. "मला ठाऊक नाही, मावशी. शपथेवर सांगतो. खरंच ठाऊक नाही."

"त्या दिवशी जिन्याशीही तुम्ही असंच म्हणालात," ती म्हणाली.

  ते तसेच बसून राहिले, गुडघे भिजलेले, बाही तिच्या हातात. शेवटी मीच जाऊन तिची बोटं सोडवली.

तपासणी चांगली पार पडली. कुत्रेघर फार स्वच्छ आहे असा शेरा मिळाला.

त्यानंतर मावशी कुत्रेघरात राहिली नाही, तिनं धुलाईघरात बदली मागून घेतली. तिथं चादरी असतात, कुणी येत-जात नाही. वसंतात माणूस वर गेला आणि सुखरूप उतरला तेव्हा सगळं शहर रस्त्यावर होतं, मीही होते. मावशीला शोधायला मी धुलाईघरात गेले, तर ती नव्हती. तिची सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी ती आता लष्कराच्या कचेरीत जायची. वीस वर्षं जी कुठं गेली नव्हती ती आता रांगेत उभी राहायला लागली होती. मेलेल्याची वाट बघणं एक वेळ सोपं, पण आपल्याला कुणीतरी सांगत नाहीये असं एकदा मनात शिरलं की माणसाला बसवत नाही. ग्लेब इग्नात्येविचनी भलं करायला म्हणून सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. पण तिची झोप गेली ती तेव्हापासून.

मी एकदा तिच्यासोबत गेले. पाय दुखत होते तिचे, मी स्टूल नेलं होतं. नंबर आला. खिडकीमागे एक तरुण लेफ्टनंट, अजून मिसरूड न फुटलेला, सेन्या निघाला होता त्या वयाचा असेल. त्यानं जाडजूड रजिस्टर चाळलं, बंद केलं.

"माहिती उपलब्ध नाही, आजी."

मावशीनं खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि आवाज अगदी खाली आणला, त्याला अडचण होऊ नये म्हणून.

"तुला ठाऊक नाही, की सांगायची परवानगी नाही? एवढंच सांग, बाळा."

पोरानं रजिस्टर बाजूला सारलं. मग मान वाकडी करून तिच्या मागे बघितलं आणि म्हणालं, "पुढचे या."